नवी डिस्क आणि एव्हान्थियाची दृष्ट

आमच्या गावात कुणाचा टीव्ही बंद पडला की मी आत पाऊल टाकायच्या आधी दारातूनच विचारायचो, "प्लग लावलाय का?" दहातले तीन जण गप्प व्हायचे. मग मी आत जाऊन प्लग लावायचो, कॉफी प्यायचो आणि संध्याकाळी कॉफीघरात त्यांचं नाव घेऊन सगळ्यांना हसवायचो. चाळीस वर्षं हा उद्योग केला. ग्रीसमधल्या लिम्नोस बेटाच्या या टोकाला रेडिओ, टीव्ही आणि पुढे संगणक दुरुस्त करणारा मी एकटाच, म्हणून माझं नाव मिल्तियादिस असलं तरी सगळे मला मिस्त्रीच म्हणतात. आता जे सांगतोय त्यात हसण्यासारखं थोडं आहे. बाकी सगळी लाज आहे आणि ती माझी आहे.

माझी मुलगी लेमोनिया हिचं लग्न सप्टेंबरातल्या एका रविवारी ठरलं होतं. आमच्याकडे लग्नाआधीच्या गुरुवारी नवरीचा पलंग सजवतात. आईबाप हयात असलेल्या मुली चादरी अंथरतात, बायका त्यावर तांदूळ आणि साखरेत घोळलेले बदाम उधळतात, कुणाचं तरी गुटगुटीत पोर मधोमध लोळवतात, आणि पुरुषांनी फक्त उंबऱ्यापर्यंत यायचं असतं. लेमोनियाची आई, माझी अर्गिरो, जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेमोनिया मला म्हणाली, "बाबा, पलंग घालताना आई घरात हवी. तुझ्या त्या जुन्या कॅसेटींतून काढ ना तिला बाहेर."

गावातला पहिला व्हिडिओ कॅमेरा माझा होता. लेमोनिया पाळण्यात असल्यापासूनचं सगळं मी टिपलं होतं. कॅसेटी दमट हवेने केव्हाच गेल्या, पण त्याआधी मी त्या संगणकात उतरवून ठेवल्या होत्या. आता ती संगणकातली डिस्क म्हातारी झाली होती. गळ्यापर्यंत भरलेली, आणि अधूनमधून आतून टक टक करायची. असा आवाज आला की फार दिवस उरलेले नसतात. म्हणून मी मीरिना बंदरातल्या दुकानातून नवी, चौपट मोठी डिस्क मागवली. सगळं तिच्यावर उतरवायचं, मग लेमोनिया त्यातले तुकडे जोडून गुरुवारी दाखवायला फिल्म करणार, असं ठरलं.

आणखी एक गोष्ट लेमोनियाने ठरवली होती. पलंगाच्या उशाशी एव्हान्थिया बसेल.

एव्हान्थिया आमच्या चढावर राहते. शिवणकाम करते. बेटावरच्या निम्म्या नवरीमुलींचे पोशाख तिने शिवले आहेत, पण पोशाख लग्नाला जातात आणि ती घरी राहते. तिची दृष्ट लागते असं गाव म्हणतं. तान्ही असताना तिच्या आईने तिचं अंगावरचं दूध तोडलं आणि मग ती फार रडते म्हणून पुन्हा अंगावर घेतलं. अशा मुलाची नजर जन्मभर बाधते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात तिचे डोळे निळे, आणि निळ्या डोळ्यांची नजर जास्तच लागते म्हणतात. तिने शिवलेल्या पोशाखाला बायका घरी नेल्यावर दृष्ट लागू नये म्हणून आतून निळा मणी टाचतात, आणि हे तिलाही ठाऊक आहे. ती बिचारी टोमॅटो चांगले आहेत म्हणायच्या आधीसुद्धा बाजूला तोंड करून तीनदा थू थू थू करते.

अर्गिरो हे मानायची नाही. मीही मानत नाही, निदान कॉफीघरात मोठ्याने तसं सांगायचो. अर्गिरो तिला हाताला धरून आमच्याकडे जेवायला बसवायची. मरायच्या आधी ती लेमोनियाला म्हणाली होती, "तुझा पलंग घालतील तेव्हा माझ्या जागी एव्हान्थियाला बसव." म्हणून या ऑगस्टमध्ये मी स्वतः चढ चढून तिला आमंत्रण द्यायला गेलो. साठ वर्षांची बाई, सुई हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "मी? पलंगाला?" असं तिने दोनदा विचारलं. लग्नकार्याला कुणी तिला आयुष्यात पहिल्यांदाच बोलावत होतं.

सोमवारी बोटीने खोकं आलं. मी ते जेवणाच्या टेबलावर उघडत होतो तेवढ्यात एव्हान्थिया उशांचे अभ्रे घेऊन दारात उभी. पांढऱ्यावर पांढरं भरतकाम, महिनाभर डोळे फोडून केलेलं. माझी थोरली बहीण मारिगो लग्नासाठी राहायला आली होती, तिने ते घेतले. एव्हान्थियाची नजर माझ्या हातातल्या डिस्ककडे गेली.

"ही का ती?" तिने विचारलं.

"हीच."

"एवढीशी. आणि हिच्यात आपली अख्खी अर्गिरो मावणार. किती सुंदर गं बाई," ती म्हणाली आणि हसली.

मग तिचा हात पटकन तोंडावर गेला. आनंदात ती थुंकायलाच विसरली होती. तिने मागे वळून थू थू थू केलं, पण ते नंतर. मारिगोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अगं, लोखंडाला कसली आलीय दृष्ट." एव्हान्थिया कॉफी न घेताच गेली.

दुपारी मी संगणकाची बाजूची पत्र्याची झडप काढली. डिस्कला दोन तारा लागतात. एकीतून माहिती ये-जा करते, दुसरीतून वीज येते. माझा संगणक जुना, त्याच्यात डिस्कसाठी विजेची एकच पिन होती आणि ती जुन्या डिस्कने अडवलेली. तर एकाची दोन करणारी एक जोडतार मी खोलीतल्या खणातून काढली. मीच कधीतरी कथलाचा डाग देऊन केलेली. एक टोक जुन्या डिस्कला, दुसरं नवीला. झडप लावली, बटण दाबलं.

जुनी डिस्क दिसली. नवी नाही.

संगणक सुरू होताना एक निळा पडदा येतो, तिथे काय काय जोडलंय त्याची यादी असते. तिथे पाहिलं. नव्या डिस्कच्या जागी काहीच नाही, कोरी ओळ. माहितीची तार बदलली. मग ती मुख्य पाटीवरच्या दुसऱ्या खाचेत लावली, मग तिसऱ्या. जुनी डिस्क ज्या खाचेत चालते तिथे नवी लावली, तरी कोरी ओळ. डिस्कवर बोट ठेवलं. चालू डिस्क बोटाखाली जराशी थरथरते. ही थंड होती.

डिस्क मेलेली आली, असं मी ठरवून टाकलं. मंगळवारी सकाळी मीरिनाला फोन केला. दुकानातल्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तिला वीज पोचतेय का, बघितलंत?" तिने विचारलं.

"बाई, जुनी डिस्क त्याच तारेवर चालतेय."

"हो, पण दुसऱ्या टोकावर. एकदा टोकं अदलाबदल करून बघाल का?"

आता बघा, चाळीस वर्षं मी लोकांना दारातून विचारत आलो तोच प्रश्न एका पोरीने मला विचारला होता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी तारा जोडतोय," मी म्हणालो. "भंगार माल पाठवता आणि वर मला शिकवता?" आणखीही बोललो, ते लिहीत नाही. ती म्हणाली, "ठीक आहे, काका, बदलून देऊ. पण वारा फार आहे, शुक्रवारपर्यंत बोट नाही." पलंग गुरुवारी होता.

ती टोकं अदलाबदल करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी केली नाहीत. डिस्कवर संशय घेतला, दुकानावर घेतला, बोटीतल्या हमालांवर घेतला, आमच्या दमट हवेवर घेतला. जोडतारेवर घेतला नाही, कारण ती मी केलेली होती.

मारिगोला मात्र सगळं आधीच कळलं होतं. ती ओट्याशी भोपळी मिरच्या कोरत होती. "सुंदर म्हणाली आणि नंतर थुंकली," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलं."

"मारिगो, पुरे."

"पुरे काय? सकाळी धडधाकट वस्तू आली, दुपारी मेली. तूच सांग, मिस्त्री आहेस ना? काय बिघडलंय तिच्यात?"

मला सांगता येईना. मिस्त्रीला सांगता येत नाही आणि मारिगोला सांगता येतं, ही गोष्ट मला डिस्कपेक्षा जास्त झोंबत होती. संध्याकाळी विहीणबाई, म्हणजे जावयाची आई कालिओपी, बदामांची टोपली घेऊन आल्या. मारिगोने त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. कालिओपीबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"लोखंड मेलं तिच्या नजरेनं," त्या म्हणाल्या. "आणि तिलाच नवरीच्या उशाशी बसवताय? मिल्तियादिस, मला नातवंडं हवी आहेत."

"बाई, असं काही नसतं," मी म्हणालो.

"मग डिस्कला काय झालं?"

पुन्हा तोच प्रश्न. रात्रभर मी तळमळलो. आणि खरं सांगायचं तर पहाटेकडे मला बरं वाटायला लागलं. दृष्ट लागली असली तर माझी चूक नव्हती. तो विचार मी हाकलला नाही, उबेला कुशीत घेतला.

बुधवारी सकाळी मी चढ चढलो. एव्हान्थिया खिडकीशी शिवत बसली होती. खुर्चीवर एक निळसर राखी पोशाख इस्त्री करून ठेवला होता. गुरुवारी घालायचा, तिचा स्वतःचा. मी उभ्याउभ्याच बोललो.

"एव्हान्थिया, उद्या गर्दी फार होणारे. कालिओपीबाईंकडची माणसं खूप. खोली लहान. खुर्च्यासुद्धा…"

एवढंच बोलू शकलो. तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"डिस्क चालत नाहीये ना?" ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी थुंकले होते, मिल्तो. पण उशिरा थुंकले." तिचा आवाज अगदी साधा होता, दूध नासलं म्हणून सांगावं तसा. "लहानपणापासून सगळे सांगायचे. फक्त तू आणि अर्गिरो म्हणायचात, असं काही नसतं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. तू शिकलेला माणूस, तुला यंत्रांतलं कळतं. आता तूच आलास म्हणजे खरंच असणार."

तिथेच मी म्हणायला हवं होतं की मला काही कळत नाही, मी हरलोय, आणि माझी हार तुझ्या दारात टाकायला आलोय. मी म्हणालो, "तसं नाही गं." एवढंच. तिने मला ताटलीभर द्राक्षरसाची बिस्किटं दिली, लेमोनियासाठी. ती मी घेतली. घरी आल्यावर लेमोनियाला सांगितलं की एव्हान्थियाला बरं नाही, ताप आहे. लेमोनियाने ताटलीकडे पाहिलं.

दुपारी मारिगोने संगणकाची दृष्ट काढायला घेतली. मी आडवा आलो नाही. दृष्ट काढायचा मंत्र आमच्याकडे बाप्याकडून बाईला आणि बाईकडून बाप्याला जातो, एरवी त्याचा गुण येत नाही. मारिगोला तो आमच्या काकांनी दिला होता. तिने खोल ताटलीत पाणी घेतलं, ओठांतल्या ओठांत पुटपुटत बोटाने ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडले. तेल तरंगलं तर दृष्ट नाही, पसरून नाहीसं झालं तर आहे. तेल नाहीसं झालं. मारिगोला जांभयांवर जांभया यायला लागल्या, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कालिओपीबाई आणि दोन शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या.

मग तिने पाण्याचा हात संगणकावर शिंपडायला उचलला. आता मात्र मी घाबरलो. झडप उघडी होती, वीज चालू. मी संगणक घाईने दोन्ही हातांनी उचलून बाजूला ओढला, तो तिरपा झाला, आणि आतून एक बारीक घरघर सुरू झाली. मी बोट ठेवलं. नवी डिस्क थरथरत होती.

"चालली," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

चौघींनी एकदम क्रूस केला. कालिओपीबाईंनी मारिगोच्या हाताचं चुंबन घेतलं. मी खाली वाकलो. मला तोवर कळलं होतं, तरी खात्री करायला वाकलो. जोडतारेचं नव्या डिस्ककडचं टोक बोटाने जरासं हलवलं. घरघर थांबली. पुन्हा हलवलं, सुरू झाली. माझाच डाग कच्चा होता. तार आत नुसती टेकलेली होती.

माझ्या पाठीमागे चार बायका उभ्या होत्या. मी उठून वळलो असतो आणि म्हणालो असतो की बायांनो, ही माझी तार, हा माझा कच्चा डाग, तर गोष्ट तिथेच संपली असती. एव्हान्थियाचा राखी पोशाख खुर्चीवर अजून इस्त्रीचा होता. पण मला कॉफीघर डोळ्यांसमोर दिसलं. मिस्त्री, प्लग लावलाय का? मी पाठमोराच राहिलो. खणातून दुसरी, विकतची जोडतार काढली, गुपचूप लावली, आणि माझी खिशात घातली.

"काय करतोस?" मारिगोने विचारलं.

"काही नाही. झडप लावतोय."

डिस्क सुरू झाली तरी अजून फोल्डरांच्या यादीत दिसत नव्हती. नवी डिस्क कोरी असते, तिला आधी आखून नाव द्यावं लागतं. ते काम दोन मिनिटांचं. नाव काय द्यायचं असं संगणकाने विचारलं तेव्हा मी अर्गिरो असं लिहिलं. लिहिताना मला माझी किळस आली, पण लिहिलं. संध्याकाळपर्यंत सगळं उतरवून झालं. लेमोनिया फिल्म जोडायला बसली. मी अंगणात जाऊन बसलो. अर्गिरोचा आवाज ऐकायची माझी छाती नव्हती.

बुधवार मावळेपर्यंत गावभर झालं होतं. एव्हान्थियाने लोखंड मारलं आणि मारिगोने ते जिवंत केलं. पूर्वी लोक कुजबुजत म्हणायचे, आता पुराव्यानिशी म्हणायला लागले. पुरावा मी दिला होता.

गुरुवारी पलंग झाला. खोली बायकांनी भरली होती. एव्हान्थियाचे अभ्रे घातलेल्या उशांवर तांदूळ पडत होते, आणि अभ्र्यांच्या आत मारिगोने सकाळीच निळे मणी टाचले होते. पोर लोळवून झालं, ते रडलं, सगळ्या हसल्या. मी उंबऱ्यावर उभा होतो. उशाशी खुर्ची रिकामी होती. लेमोनियाने कुणाला तिच्यावर बसू दिलं नव्हतं. मग तिने भिंतीवर फिल्म लावली.

समुद्र, पाळणा, आमचं जुनं अंगण. सत्तावीस वर्षांची अर्गिरो, हात पिठाने माखलेले. बायका डोळे पुसायला लागल्या. आणि मग एक तुकडा आला, जो मीच टिपला होता आणि पार विसरून गेलो होतो. अर्गिरो तान्ह्या लेमोनियाला घेऊन उभी आहे. समोर तरुण एव्हान्थिया, आणि ती तोंड फिरवून उभी आहे, हात डोळ्यांवर.

"बघ की तिच्याकडे," भिंतीवरची अर्गिरो म्हणत होती. "माझी पोर काय कुरूप आहे का?"

"नको गं. काही झालं तर?"

"काही होत नाही. मिल्तो, सांग तिला."

आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज आला, तरुण, हसरा, आगाऊ. "बघ गं, एव्हान्थिया. काही झालं तर माझ्याकडे आण, मी दुरुस्त करतो."

एव्हान्थियाने हात खाली घेतला. बाळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. थुंकली नाही. अर्गिरो हसत होती.

लेमोनियाने फिल्म थांबवली. ती सत्तावीस वर्षांची, धडधाकट, पलंगापाशी उभी होती. सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, "बाबा, एव्हान्थियाला नक्की काय झालंय?"

मी सांगून टाकलं. "तिला काही झालेलं नाही. मी तिला येऊ नको म्हणालो. डिस्कला दृष्ट लागली नव्हती. माझी जोडतार कच्ची होती. काल मला ती सापडली आणि मी लपवली." मी खिशातून तार काढून दाखवली. डाग दिलेली जागा बोटाने हलवून दाखवली.

बायकांनी माना पुढे करून तार पाहिली. मग मारिगो म्हणाली, "तार कच्ची होती, तर तेल का विरलं?"

"ते मला माहीत नाही."

"आणि इतकी वर्षं खणात नीट होती, सोमवारीच कच्ची कशी झाली?" कालिओपीबाई म्हणाल्या. "तारेलाच लागली असेल." दोघीतिघींनी माना डोलावल्या. एक शेजारीण माझ्याकडे कौतुकाने बघून म्हणाली, "मिस्त्री मनानं फार चांगला. स्वतःवर ओढून घेतोय." कालच बोललो असतो तर त्या मला हसल्या असत्या. आज माझं खरंही कुणाला नको होतं. फक्त लेमोनिया हसत नव्हती आणि माना डोलवत नव्हती. ती म्हणाली, "जा तिच्याकडे."

ऊन उतरत होतं तेव्हा मी चढ चढलो. एव्हान्थियाच्या खिडक्यांच्या झडपा बंद होत्या. आमच्या घराकडे बघणाऱ्यासुद्धा. दार तिने लगेच उघडलं. राखी पोशाख खुर्चीवर नव्हता. मी तिला तार दिली आणि सगळं सांगितलं, दुकानातल्या मुलीचंसुद्धा. तिने तार हातात घेऊन डाग पाहिला. तिला टाक्यांतलं कळतं, कच्चा टाका लगेच कळला.

"म्हणजे मी काही केलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुला कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "काल दुपारी," मी म्हणालो.

"काल दुपारी." तिने तार टेबलावर ठेवली. "काल दिवेलागणीला मी पाद्रीबाबांकडे गेले होते. म्हटलं, रविवारी नवरी माझ्या दारावरून जाईल तेव्हा मी घरात असू की बेट सोडूनच जाऊ. ते म्हणाले, झडपा लाव म्हणजे झालं. मग मी झडपा लावल्या."

मी क्षमा मागितली. साध्या शब्दांत मागितली, आणि मागताना रडलो. तिने मला बसवलं, पाणी दिलं. ती रडली नाही. पलंगाला आता चल म्हणालो, तर तिने नकार दिला. मग ती पुढे झुकली आणि तिचा चेहरा उजळला, सोमवारी दारात उजळला होता तसा.

"मिल्तो, पलंग राहू दे. रविवारी चर्चला जायच्या आधी लेमोनियाला पाच मिनिटं इथे आण. नवरीच्या पोशाखात. इतक्या जणींना मी नटवलं, पण एकीलाही धड बघितलं नाही. मला तिला डोळे भरून बघायचंय. तेवढं करशील?"

तार माझ्यासमोर टेबलावर पडलेली होती. डिस्क घरी चालत होती. मला सगळं माहीत होतं, जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तरी मला भीती वाटली. माझी एकुलती एक पोर, पांढऱ्या पोशाखात, त्या दोन निळ्या डोळ्यांसमोर.

"हो," मी म्हणालो. "आणतो की."

पण त्याआधी मी थांबलो होतो. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. तेवढा वेळ तिने माझ्याकडे पाहिलं होतं.

"राहू दे," एव्हान्थिया म्हणाली. तिने माझा पाण्याचा पेला उचलला आणि मोरीत नेऊन विसळायला लागली.